ओळखा पाहू: बडोद्याच्या वाटेवरून गेलेली माणसं

सुरसागरकाठ

मंडळी, गणपती जवळ आले. दांडिया बाजारात आमच्या मंडळात यंदा एक संध्याकाळ मुलांसाठी 'ओळखा पाहू' ठेवतोय. इतिहासातल्या एका व्यक्तीच्या आयुष्यातल्या तीन खुणा, अवघडाकडून सोपीकडे. पहिलीवर ओळखलं तर तीन गुण, दुसरीवर दोन, तिसरीवर एक.

बडोदा म्हटलं की आमच्या मुलांना एकच नाव आठवतं, महाराजा सयाजीराव गायकवाड. ते आठवायलाच हवं. कौळाण्याचा गोपाळ २७ मे १८७५ला जमनाबाईंच्या मांडीवर दत्तक बसला नसता तर या शहरात आज दाखवण्यासारखं फार थोडं असतं. पण सयाजीराव महाराजांनी ज्यांना इथे आणलं, पोसलं, शिकवलं, परदेशी धाडलं, त्यांच्याबद्दल मुलांना काहीच सांगता येत नाही. म्हणून महाराज या खेळात उत्तर म्हणून नाहीत. बाकी कोणीही चालेल, बडोद्याशी खरं नातं हवं.

एक खूण-त्रिकूट टाकतो, बघा कसं वाटतं.

१. वडिलांनी सातव्या वर्षी इंग्लंडात शिकायला ठेवलं. मुलाच्या कानावर हिंदुस्थानातलं काही पडू नये अशी तजवीज केली.
२. आयसीएसची लेखी परीक्षा पास. घोडेस्वारीच्या परीक्षेला गेलाच नाही, नोकरी हुकली.
३. १८९३ साली बडोदा सरकारच्या नोकरीत आला आणि स्वतःची मातृभाषा नीट शिकला ती इथे.

मांडवीकर

अरविंद घोष. आणि त्यांचं घर तुमच्या दांडिया बाजारातच आहे. मुलं रोज त्यावरून जातात.

रावपुऱ्याची लेक

दादा, क्रम बदला. घोडेस्वारी आली की मोठ्या मुलांना लगेच कळतं, पाठ्यपुस्तकात असते ती. मातृभाषेची खूण पहिली ठेवा. 'हा माणूस बडोद्यात आपली मातृभाषा शिकला' म्हटल्यावर मूल आधी गुजराती धरेल, मग मराठी. बंगाली कोणाच्या डोक्यात येणार? आणि पुढे सांगता येईल की बंगाली बोलायची सवय व्हावी म्हणून दीनेंद्रकुमार रॉय यांना बडोद्यात आणवून घेतलं होतं. माझ्या दृष्टीने त्यांच्या बडोद्याच्या तेरा वर्षांतली सगळ्यात हृद्य गोष्ट हीच आहे.

मांडवीकर

आणखी एक खूण देतो, ही बाहेरच्यांना माहीत नसते. सुरतेची काँग्रेस फुटली, त्यानंतर ते बडोद्याला आले आणि ध्यानाचा मार्ग त्यांना दाखवला तो एका मराठी माणसाने, विष्णु भास्कर लेले यांनी. पाँडेचेरीच्या योगी पुरुषाची पहिली बैठक आपल्या गावातली.

सुरसागरकाठ

लेले घेतले. ताईंचा क्रमही घेतला, मातृभाषा पहिली. पुढचं कोणी द्या.

न्यायमंदिरासमोर

माझं घ्या.

१. सयाजीराव महाराजांची राणी.
२. सासरचं नाव चिमणाबाई.
३. रावपुऱ्यात तिच्या नावाचा टॉवर आहे.

राजवाडा इंदूर

देवासच्या घाटग्यांची मुलगी. माहेरचं नाव गजराबाई. १९२७ साली पुण्याला अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, त्याच्या अध्यक्ष. आम्हा माळव्यातल्या लोकांना हे उत्तर झोपेतही येईल.

न्यायमंदिरासमोर

चूक. टॉवर त्यांचा नाही.

राजवाडा इंदूर

मग तुमच्या पहिल्या दोन खुणा दोघींनाही लागू पडतात. तिसरीवर सगळा भार. आमच्याकडच्या मुलाने रावपुरा पाहिलेला नसेल तर त्याने काय करावं?

रावपुऱ्याची लेक

बरोबर आहे त्यांचं. महाराजांच्या दोन्ही राण्या चिमणाबाई. पहिल्या तंजावरच्या, माहेरचं नाव लक्ष्मीबाई. लग्न १८८०चं, १८८५मध्ये गेल्या. पाच वर्षांचा संसार. दुसऱ्या देवासच्या, त्या १९५८पर्यंत होत्या. त्यामुळे सगळा प्रकाश दुसऱ्यांवर पडतो आणि पहिल्या फक्त घड्याळापुरत्या उरतात. टॉवर १८९६चा, बडोद्याच्या नोकरदारांनी आणि नागरिकांनी त्यांच्या आठवणीसाठी बांधला. न्यायमंदिराच्या मधल्या दालनात पुतळा आहे तोही पहिल्या चिमणाबाईंचा.

मी टॉवरच्या सावलीत वाढले, म्हणून हे त्रिकूट मला नव्याने करू द्या.

१. हिच्या लग्नाबरोबर दक्षिणेकडचं एक नृत्य गुजरातेत पोचलं.
२. ही पंचविशीही न गाठता गेली. हिचा मुलगा गादीवर बसण्याआधीच वारला, पण नातू महाराज झाला.
३. गावाने हिच्या नावाने घड्याळ बांधलं.

तंजावरच्या नर्तकी आणि त्यांचे साथीदार राणीबरोबर बडोद्याला आले, दरबाराच्या कलावंत खात्यात राहिले, त्यांची पुढची पिढी इथलीच झाली. नातू म्हणजे १९३९ला गादीवर आलेले प्रतापसिंहराव. दुसऱ्या चिमणाबाईंचं त्यांच्याशी नातं सावत्र आजीचं. म्हणजे दुसरी खूण फक्त एकीलाच लागते.

न्यायमंदिरासमोर

हे माझ्यापेक्षा फार चांगलं झालं. माझं रद्द करा, हे घ्या.

सुरसागरकाठ

घेतलं. आणि हाच नियम पक्का करूया. खूण दिली की आधी त्या माणसाच्या शेजारच्याला लावून बघायची. त्यालाही लागली तर ती खूण नव्हे.

सांगलीचा बाळ

मग हे तपासा. लाहोरला जन्म. रणजी करंडकात बडोद्याकडून खेळला. कसोटी सामने भारताकडूनही खेळला आणि पाकिस्तानकडूनही.

मांडवीकर

गुल महंमद!

राजवाडा इंदूर

अमीर इलाही.

सांगलीचा बाळ

दोघंही बरोबर, म्हणून तर 'तपासा' म्हटलं. दोन्ही देशांकडून कसोटी खेळलेले तिघेच. तिसरे अब्दुल हफीज कारदार, ते बडोद्याकडून खेळले नाहीत. उरले दोघे, दोघंही लाहोरचे, दोघंही बडोद्याचे. वर कितीही पक्की वाटली तरी खूण अपुरी. वेगळं करायचं तर असं: अमीर इलाही लेगस्पिनर, आणि १९५२ला मद्रासला पाकिस्तानकडून अकराव्या क्रमांकावर येऊन शेवटच्या जोडीसाठी झुल्फिकार अहमदबरोबर १०४ धावा जोडल्या. गुल महंमद डावरे, आणि त्यांच्या ३१९ धावा सगळ्यांना माहीत.

राजवाडा इंदूर

त्या ३१९ आम्हा इंदूरकरांना कोणी आठवण करून द्यायला नको. मार्च १९४७, रणजीचा अंतिम सामना, बडोदा विरुद्ध होळकर. गुल महंमद ३१९, विजय हजारे २८८, दोघांची भागी ५७७. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये चौथ्या गड्यासाठी त्याहून मोठी भागी आजवर झालेली नाही. बडोदा ७८४. आमचा संघ २०२ आणि १७३. डाव आणि ४०९ धावांनी हार. दुसऱ्या डावात आमचे सहा गडी घेणारे होते तेच अमीर इलाही. आमच्याकडे कर्नल सी. के. नायडू होते, भारताचे पहिले कसोटी कर्णधार, वयाची पन्नाशी उलटलेली. होळकर संघाचा दरारा काय होता हे ज्याला माहीत आहे त्यालाच त्या आकड्यांचं वजन कळेल.

सांगलीचा बाळ

आता हजाऱ्यांचं त्रिकूट.

१. जन्म सांगलीत, ११ मार्चला. बडोद्याच्या एका फार मोठ्या माणसाचाही वाढदिवस तोच.
२. ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतकं, ११६ आणि १४५.
३. भारताने पहिली कसोटी जिंकली तेव्हा कर्णधार हाच.

रावपुऱ्याची लेक

पहिली खूण किती छान! महाराज १८६३चे, हजारे १९१५चे, दोघंही ११ मार्च. महाराज उत्तरात नसले तरी असे दारात उभे राहतील. २००४ साली हजारे गेले तेही बडोद्यातच.

सुरसागरकाठ

तिन्ही घेतल्या. क्रिकेट इथे थांबवूया, नाहीतर संध्याकाळ त्यातच जाईल. अंशुमान गायकवाड, किरण मोरे कोणी सुचवू नका, त्यांना मुलं ओळखतात.

तारसप्तक

गाण्याचं कोणी बोललंच नाही. वडील जन्माआधीच वारले. आजोबांनी वाढवलं आणि शिकवलं. म्हैसूर दरबाराने 'आफताब-ए-मौसिकी' म्हटलं.

मांडवीकर

उस्ताद फैयाज खाँ. पदवी वाचताक्षणी.

तारसप्तक

हो, पदवी काढायला हवी. पदवी हे दुसरं नावच. त्या जागी हे ठेवते: आग्रा घराण्याचा हा गवई बडोदा दरबाराचा झाला आणि १९५० साली बडोद्यातच गेला.

आणि खरं द्यायचं होतं ते हे.

१. हिच्या पणजोबांनी महाराजांच्या आश्रयाने बडोद्यात गाण्याची शाळा चालवली.
२. ही मुलांसाठी गोष्टी लिहायची. जातककथा तिने सांगितल्या.
३. जन्म मॉस्कोत, वाढ पॅरिसमध्ये, मृत्यू १३ सप्टेंबर १९४४ला दाखाऊच्या छळछावणीत.

लष्कर ग्वाल्हेर

नूर इनायत खान. पण तिचा बडोद्याशी काय संबंध? ती इथे कधी राहिली नाही.

तारसप्तक

पणजोबा म्हणजे उस्ताद मौलाबक्ष. १८८६ साली निघालेली गायनशाळा त्यांनी उभी केली. गाणं लिहून काढायची पद्धत बसवली, पाठ्यपुस्तकं केली, वर्गात बसवून शिकवलं. घराण्याबाहेर कोणाला सूर सांगायचा नाही अशा काळात. त्यांच्या मुलीचा मुलगा इनायत खाँ, जन्म बडोद्यातला, १८८२चा. तो वीणा घेऊन पश्चिमेकडे गेला आणि तिकडे सूफी विचार सांगत राहिला. नूर ही त्याची थोरली मुलगी. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये रेडिओ चालवायला ब्रिटिशांनी तिला पाठवलं. पॅरिसमधली तिच्या गटाची माणसं एकेक करून पकडली गेली तरी ती परत आली नाही, संदेश पाठवत राहिली. पकडल्यावर तोंड उघडलं नाही. तीस वर्षांची होती. ब्रिटनने जॉर्ज क्रॉस दिला, फ्रान्सने क्रॉआ द गेर.

लष्कर ग्वाल्हेर

सगळं मान्य, तिच्याबद्दल मला अपार आदर आहे. तरी नियम 'बडोद्याशी खरं नातं' असा आहे. पणजोबांचं नातं चालवलं तर अर्धा हिंदुस्थान बडोद्याचा होईल.

तारसप्तक

अर्धा हिंदुस्थान होईल की नाही माहीत नाही, पण मॉस्कोत जन्मलेल्या मुलीच्या हातात वीणा आली ती बडोद्याच्या त्या घरातूनच. हे नातं मी खोटं मानायला तयार नाही.

रावपुऱ्याची लेक

मला तारसप्तक यांचं पटतं, पण मुलांसमोर थोडं फिरवूया का? उत्तर मौलाबक्ष ठेवूया आणि नूरला खूण करूया. 'याची पणती दुसऱ्या महायुद्धात गुप्त रेडिओ चालवत होती.' पणतीवरून पणजोबाकडे. मुलं घरी जाऊन तिच्याबद्दल विचारतील ते वेगळंच.

सुरसागरकाठ

ठरलं. उत्तर मौलाबक्ष. लष्करकाकांचा नियम राहिला आणि नूरही राहिली.

लष्कर ग्वाल्हेर

चालेल. आता आमच्याकडून एक. ग्वाल्हेरला ही गोष्ट अजून थोडी लागते.

१. हिचं लग्न आमच्या त्या वेळच्या महाराजांशी, माधवराव शिंद्यांशी ठरलं होतं. तयारी चालू असताना हिने स्वतः पत्र लिहून नकार कळवला.
२. १९११च्या दिल्ली दरबारात भेटलेल्या राजपुत्राशी १९१३ साली लंडनला लग्न केलं.
३. पतीच्या मागे मुलगा सज्ञान होईपर्यंत पूर्वेकडच्या एका संस्थानाचा कारभार पाहिला. हिची मुलगी जयपूरची महाराणी.

न्यायमंदिरासमोर

इंदिराराजे. दुसऱ्या चिमणाबाईंची मुलगी, कूचबिहारच्या महाराणी. गायत्रीदेवींच्या आई.

लष्कर ग्वाल्हेर

बरोबर. तिसरी खूण मुद्दाम सैल ठेवली. पण माझा आग्रह पहिलीचा आहे. १९११-१२ साली राजघराण्यातली मराठी मुलगी स्वतःच्या हाताने लिहून नाही म्हणते, यासाठी केवढं बळ लागलं असेल! ग्वाल्हेरचा अपमान म्हणून ही गोष्ट सांगतात, मी तशी सांगत नाही.

कलाभवनचा माजी

मंडळी, सगळे राजवाड्यात आणि मैदानात. कारखान्यात कोणी गेलंच नाही.

१. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यावर कोणीतरी डांबर ओतलं. भलेभले थकले, ते डाग काढले याने.
२. पिवळे पडलेले जुने मोती पुन्हा पांढरे करायची रीत याने शोधली.
३. बडोद्याला एक शाळा काढली. तिथे रंगकाम, सुतारकाम, यंत्रं, छपाई लोकांच्या भाषेत शिकवायचं ठरवलं.

मांडवीकर

डांबर चापेकर बंधूंनी ओतलं होतं ना? पण साफ कोणी केलं ते माहीत नाही.

रावपुऱ्याची लेक

दादासाहेब फाळके?

कलाभवनचा माजी

फाळके त्याच शाळेत शिकून गेले. छायाचित्रण, छपाई, साच्यांचं काम. पुढे १९१३ला 'राजा हरिश्चंद्र' काढलं तेव्हा कॅमेऱ्यापासून रसायनापर्यंत सगळं स्वतः करू शकले त्याची मुळं इथे आहेत. पण मी विचारतोय तो माणूस त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. सुरतचा, सुतार घरातला, रसायनशास्त्राचा प्राध्यापक. १८९०मध्ये महाराजांच्या पाठबळाने कलाभवन उभं केलं. पुढे औषधांचा अलेम्बिक कारखाना निघाला तोही त्यांच्या आणि त्यांच्या शिष्यांच्या खटपटीतून. कोटीभास्कर आणि अमीन हे ते शिष्य.

बडोद्यात आज जी रासायनिक कारखानदारी दिसते तिच्या उगमाशी हा माणूस आहे आणि तीन खुणा वाचूनही इथे कोणाला नाव आलं नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

सुरसागरकाठ

म्हणूनच गज्जर मोठ्या मुलांच्या गटात पहिले. डांबराची खूण ऐकली की कोणतंही मूल कान टवकारेल. चापेकर आले की मराठी मुलं पुण्याकडे धावतील, तेही चालेल. वाट चुकून का होईना, कलाभवनाच्या घुमटाखाली पोचतील.

राजवाडा इंदूर

एक व्यक्ती आपण सगळे टाळतोय असं वाटतं. जन्म आमच्याजवळ महूचा, म्हणून मीच विचारतो.

बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेला. करारानुसार सप्टेंबर १९१७मध्ये नोकरीला बडोद्यात. या शहरात राहायला जागा मिळाली नाही.

मांडवीकर

टाळत नव्हतो. बाबासाहेबांना कोड्यात घालावं का, असं मनात होतं. ते उत्तर सगळ्यांना येणारच.

राजवाडा इंदूर

उत्तर येईल. खूण येते का ते बघा. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं, कळल्यावर काठ्या घेऊन माणसं आली, कचेरीत शिपाई कागद लांबून टाकायचे. मग कमाटीबागेत झाडाखाली बसून रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट पाहिली. मुलं रविवारी त्याच बागेत खेळतात. त्यांना 'घटना कोणी लिहिली' ही खूण द्यायची आणि ही द्यायची नाही, हे बरं नाही.

रावपुऱ्याची लेक

दादा, हे घ्याच. आपल्या गावाचं कौतुक करणाऱ्या खुणांच्या रांगेत ही असायलाच हवी. शिष्यवृत्ती देणारं शहर आणि खोली न देणारं शहर एकच होतं.

सुरसागरकाठ

घेतलं. यावर गुण ठेवणार नाही. खूण वाचायची, मुलांनी एकत्र नाव सांगायचं, मग त्या झाडाच्या जागेबद्दल, म्हणजे संकल्पभूमीबद्दल थोडं बोलायचं. २३ सप्टेंबर कोणत्या झाडाशी जोडलेला आहे हे बडोद्याच्या प्रत्येक मुलाला ठाऊक हवं.

जुनी वही

मी बराच वेळ वाचते आहे. मराठी माणसांच्या खेळात हे राहून कसं चालेल?

१. १८८९मध्ये महाराजांना वाचून दाखवायच्या कामावर बडोद्याला आला. पुढे राजपुत्रांना शिकवायला लागला.
२. शिकवण्यासाठी काढलेली टिपणं वाढत गेली, त्यांचे ग्रंथ झाले.
३. नोकरी संपल्यावर पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत संपादून दिले.

न्यायमंदिरासमोर

रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई. दुसऱ्या खुणेवर.

कलाभवनचा माजी

१९५९ साली कामशेतला गेले, चौऱ्याण्णव वर्षांचे होऊन. इतिहासकार जदुनाथ सरकारांशी जन्माची मैत्री. पण शेजारच्याला लावून पाहिलं का? त्या काळी बडोद्यात लिहिणारे मराठी नोकरदार पुष्कळ होते.

जुनी वही

लावून पाहिलं. पहिली खूण एकटी असती तर सैल होती. राजपुत्रांची टिपणं आली की दुसरा कोणी बसत नाही. माझ्या आजोबांच्या कपाटात रियासतीचे खंड होते, घरात वाटण्या झाल्या तेव्हा कोणालाच नको होते. आम्हा नातवंडांत मी एकटीने मागून घेतले. तेव्हा मला हे माहीत नव्हतं की मुलांना शिकवताना शिकवताना एक माणूस इतिहासकार झाला, आणि तोही इथून चालत जाता येईल अशा अंतरावर. मंडळातल्या मुलांना हे कळावं एवढंच माझं म्हणणं.

सुरसागरकाठ

शेवटची फेरी रियासतकारांची. ताई, तुमच्याकडचे खंड त्या संध्याकाळी टेबलावर ठेवता येतील का? मुलांना हात लावून बघू दे.

जुनी वही

आणते. पुठ्ठे सुटलेत, पण आणते.

मांडवीकर

मध्यवर्ती ग्रंथालय मांडवीला, आमच्या शेजारी. मुलांना रविवारी तिथे घेऊन जायची जबाबदारी माझी. काचेच्या जमिनीचे ते मजले आणि लोखंडी घडवंच्या पाहिल्या की त्यांना बोर्डेनबद्दल विचारतो. अमेरिकेहून १९१०मध्ये ग्रंथालयं उभी करायला आणलेला माणूस. लहान गटासाठी त्याच्या तीन खुणा उद्या टाकतो, तपासून घ्या.